मीठ, दप्तर आणि लिपी

वर्सोव्याच्या खाडीच्या मुखाशी कोळीवाडा, खाडीपलीकडे मढची हद्द, आणि अलीकडे यारी रोडपासून ओशिवऱ्यापर्यंत चित्रपट व मालिकांच्या धंद्याने व्यापलेला असा एक मुलूख आहे, की जेथे आरामनगरच्या जुन्या बैठ्या घरांतून नटनट्यांच्या निवडी होतात, भाड्याच्या दिवाणखान्यांतून नाटकांच्या तालमी चालतात, आणि रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये अशा बेताने मढवून काढलेल्या लहानशा खोल्यांतून परदेशी मालिकांना हिंदी वाणी दिली जाते. या खोल्यांत पूर्वी प्रामुख्याने इंग्रजी चित्रपट येत. या शतकाच्या पहिल्या दशकात दूरदर्शनने ‘दे जांग गम’ ही कोरियन मालिका ‘घर का चिराग’ या नावाने दाखवली तेव्हा तिची फारशी वास्तपुस्त कोणी केली नव्हती; परंतु २०२१ साली ‘स्क्विड गेम’ने जगभर जो धुमाकूळ घातला, त्यानंतर डोंबिवलीतल्या कॉलेजकन्यकेपासून बोरिवलीतल्या निवृत्त कारकुनापर्यंत अनेकांच्या रात्री कोरियात जाऊ लागल्या, आणि तिकडच्या राजवाड्यांतील कारस्थाने, सोलमधील प्रेमप्रकरणे व जेवणाच्या पाटांवरची किमची ही आपल्या घरगुती संभाषणाची सामग्री झाली.

कोरियन संवादाला हिंदी किंवा मराठी चोला चढवणे हे काम एका अंगाने सोपे आहे. कोरियन वाक्याची घडण आधी कर्ता, मग कर्म आणि अखेरीस क्रियापद अशी, म्हणजे आपल्यासारखीच, असल्यामुळे, आणि नामांनाही आपल्या विभक्तिप्रत्ययांच्या धर्तीचे प्रत्यय लागत असल्यामुळे, पडद्यावरील पात्र ज्या शब्दावर थांबते, डोळे वटारते वा हुंदका देते, बहुधा त्याच जागी आपले क्रियापदही येऊन पोचते. इंग्रजी संवादाचे भाषांतर करताना ओठांची आणि अर्थाची जी ओढाताण होते, ती येथे पुष्कळ कमी. अडचण उभी राहते ती अदबीच्या बाबतीत. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण एवढ्यावर बव्हंशी भागते. कोरियन भाषेत मात्र बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे नाते क्रियापदाच्या शेपटातच बांधलेले असते, आणि व्याकरणकार त्याच्या सहा पायऱ्या मानतात, जरी आजच्या बोलण्यात त्यांतल्या निम्म्याच सर्रास वावरतात. वडीलधाऱ्यांच्या जेवणाला, निजण्याला व वयाला शब्दच निराळे. त्यामुळे अनोळखी माणसाची गाठ पडली की प्रथम त्याचे वय काढून घेणे हा तिकडे भोचकपणा नसून व्याकरणाची गरज ठरते. मूल जन्मतःच एक वर्षाचे धरावे आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सर्वांनीच एकदम एका वर्षाने मोठे व्हावे, हा वयोगणनेचा जुना प्रघात सरकारी कामकाजातून २०२३ च्या जूनमध्ये काढून टाकण्यात आला. घरोघरी तो अद्याप पूर्णपणे गेलेला नाही.

नातेवाचक शब्दांतही असाच बारकावा आहे. थोरल्या भावाला धाकटा भाऊ ‘ह्योंग’ म्हणतो आणि धाकटी बहीण ‘ओप्पा’. थोरल्या बहिणीला भाऊ ‘नुना’ म्हणतो आणि बहीण ‘ओन्नी’. म्हणजे हाक ऐकली की जिला वा ज्याला हाक मारली त्याच्याइतकीच हाक मारणाऱ्याचीही ओळख पटते. पुढे हाच ‘ओप्पा’ तरुणी आपल्या प्रियकरालाही लावते, आणि येथे वर्सोव्याचा भाषांतरकार हातात लेखणी धरून बसून राहतो. कारण नायिकेच्या तोंडी त्या जागी ‘दादा’ किंवा ‘भैया’ घातले तर सबंध प्रेमप्रसंगाचे प्रहसन होईल. बहुधा तो मूळ शब्दच ठेवतो, आणि प्रेक्षक तो चारदोन भागांत शिकून घेतात.

या ध्वनिकक्षांपासून चालत जाण्याच्या अंतरावर कोळीवाड्यात बांबूच्या वलांडी उभ्या असतात. पावसाळा सरून समुद्र खुला झाला की त्यांच्यावर बोंबील चढतात; दोन बोंबलांच्या तोंडात तोंड अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची, म्हणजे खिळा, सुतळी काहीच लागत नाही, आणि वारा व ऊन यांच्या हवाली केलेले ते पारदर्शक, लिबलिबीत मांस दोनतीन दिवसांत कडक होऊन वाजू लागते. खाली अंथरलेल्या जाळ्यांवर जवळा पसरलेला असतो. मे महिन्याच्या अखेरीस, आगोटीच्या खरेदीला आलेल्या बायका हाच सुका माल पिशव्या भरभरून नेतात, कारण जून-जुलैत बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बेगमीवरच निभवायचे असते. हा देखावा ज्याने पाहिला आहे त्याला कोरियाच्या पूर्वेकडील कांगवॉन प्रांतातल्या डोंगरांवर लाकडी मांडवांवर टांगलेले पोलॅक मासे पाहून नवल वाटणार नाही. फरक एवढाच की तेथे हे काम उन्हाने नव्हे तर थंडीने साधतात. मासा रात्री गोठतो, दुपारी सैलावतो, पुन्हा गोठतो, आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत हा क्रम चालल्यावर त्याचे मांस पिवळसर, मऊ व तंतुमय होते. त्याचे सूप रात्री दारू झालेल्यांना सकाळी देण्याची तिकडे रीत आहे.

जवळ्याची गोष्ट याहून निकटची. आपला जवळा आणि कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडणारी बारीक कोळंबी या प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीतल्या दोन बहिणी आहेत. आपण तो वाळवतो. कोरियन लोक त्यांची कोळंबी मिठात मुरवतात आणि महिनोन्महिने मडक्यांत ठेवून तिचे ‘सेउजोत’ करतात, जे किमचीत पडल्यावाचून तिला खरी चव येत नाही असे पुष्कळ सुगरणींचे मत आहे. चांद्रवर्षाच्या सहाव्या महिन्यात धरलेली कोळंबी त्यासाठी सर्वांत पुष्ट व म्हणून सर्वांत महाग. आपल्याकडे नेमक्या त्याच सुमारास मासेमारीस बंदी असते.

किमची म्हणजे मिठात व मसाल्यात आंबवलेली भाजी, आणि तिची थोर सामुदायिक तयारी म्हणजे ‘किमजांग’, ही माहिती आता सर्वांना आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात शेजारणी-पाजारणी जमून चिनी कोबीचे ढीग खारवतात, पानापानात मसाला भरतात, आणि मातीचे मोठे रांजण पूर्वी अंगणात पुरून ठेवीत. या रिवाजाची नोंद युनेस्कोने २०१३ साली दक्षिण कोरियाच्या आणि २०१५ साली उत्तर कोरियाच्या नावे मानवजातीच्या वारशात केली, म्हणजे ज्या दोन सरकारांचे एकाही गोष्टीवर जमत नाही त्यांचे लोणच्यावर जमले. परंतु त्या किमचीचा जो लालभडक रंग आपल्या डोळ्यांत भरतो, तो मात्र फार जुना नाही. मिरची हे अमेरिकेतले पीक. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले आणि साष्टी व वसईसह ज्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल होता, ज्यात वर्सोव्याचा कोटही होता, तेथील मसाल्यात ते रुजले. त्याच पोर्तुगीज व्यापाराच्या एका टोकाने ते जपानला पोचले आणि तेथून कोरियात शिरले. १६१४ साली यी सु-ग्वांग या विद्वानाने आपल्या ज्ञानकोशात मिरचीला जपानी मोहरी म्हटले आहे, आणि ती जपानहून आल्याचे सांगितले आहे. तत्पूर्वीची किमची पांढरी होती. कोळी मसाला आणि कोरियाची तिखटपूड ही अशी एकाच गलबती व्यापाराची दोन अपत्ये आहेत, आणि दोन्ही ठिकाणी लोक आज शपथेवर सांगतील की आमचे जेवण आदिकालापासून असेच झणझणीत होते.

दक्षिणेकडील जेजू बेटावरच्या ‘हेन्यो’, म्हणजे सागरस्त्रिया, यांचाही येथेच उल्लेख केला पाहिजे. प्राणवायूची नळकांडी न घेता या बायका केवळ रोखलेल्या श्वासावर दहा-दहा मीटर खोल जाऊन शंख, शिंपले व समुद्री शेवाळ काढतात, आणि वर येताच जो लांब शिळेसारखा निःश्वास सोडतात तो किनाऱ्यावर ऐकू येतो. त्यांतल्या बहुतेक आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या आहेत. चांद्रवर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या आरंभी येऊन पंधरवड्याने निघून जाणाऱ्या योंगदुंग नामक वायुदेवीची ओटी भरून त्या वर्षभराच्या मासळीचे दान मागतात. सोन्याचा नारळ अर्पण करणाऱ्या कोळणीला या विधीचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नाही.

आता थोडे मागे गेले पाहिजे. कोरियाच्या परंपरागत इतिहासाचा प्रारंभ तांगुन या पुराणपुरुषापासून, ख्रिस्तपूर्व २३३३ या सालापासून, होतो. त्याची माता मुळात अस्वल होती आणि अंधाऱ्या गुहेत लसूण व दवण्याच्या जातीचा पाला खाऊन राहिल्यामुळे तिला स्त्रीदेह मिळाला. वाघानेही हेच व्रत धरले होते, पण त्याला ते पुरे करवले नाही. पुढे ख्रिस्ताब्दाच्या आसपास कोगुर्यो, पेकजे आणि सिल्ला अशी तीन राज्ये उदयास आली, बौद्ध धर्म चौथ्या शतकात चीनमार्गे तेथे पोचला, आणि सातव्या शतकात सिल्लाने चीनच्या तांग सम्राटाशी सख्य करून उरलेली दोन राज्ये बुडवली व मग त्याच तांगांच्या फौजांना देशाबाहेर काढले.

या सिल्लाचा एक तरुण भिक्षू, ह्येचो त्याचे नाव, कँटनमध्ये वज्रबोधी या दाक्षिणात्य भारतीय आचार्याच्या सहवासात आला आणि ७२३ च्या सुमारास समुद्रमार्गे भारतात उतरला. चार वर्षे त्याने या देशात पायपीट केली. मध्य भारतातून तीन महिन्यांहून अधिक चालल्यावर आपण दक्षिण भारताच्या राजाच्या ठिकाणी पोचलो, त्या राजाच्या पदरी आठशे हत्ती आहेत, आणि त्याचा मुलूख पूर्व व पश्चिम अशा दोन्ही समुद्रांस भिडतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे वर्णन त्या काळी चालुक्य विजयादित्याखेरीज अन्य कोणास फारसे लागू पडत नाही. त्याची राजधानी काही अभ्यासक बदामी समजतात, काही नाशिक. डोंगरात खांब कोरून काढलेल्या एका तीनमजली महाविहाराचे त्याने केलेले वर्णन वाचताना तर कोणाही मराठी माणसाची दृष्टी वेरूळ-अजिंठ्याकडे वळते, मग तो विहार प्रत्यक्षात कोणता का असेना. याच दक्षिण प्रवासात, चांदण्या रात्री, घराच्या आठवणीने त्याने एक कविता केली. पश्चिम भारतीयांविषयी तो म्हणतो की गाण्यात त्यांच्या तोडीचे लोक भारताच्या इतर चारही भागांत नाहीत. ही स्तुती आपण आपल्या पदरात पाडून घेण्यास हरकत नव्हती, परंतु अरबांच्या स्वारीने त्या राज्याचा निम्मा भाग उद्ध्वस्त झाल्याचेही तो लगेच सांगतो, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर सिंध-गुजरातचा टापू असला पाहिजे. वर्सोव्याहून पूर्वेस, अंधेरीच्या कोंडिविटे डोंगरातील महाकालीची लेणी ही बौद्ध वस्ती त्याच्या वाटेवर होती की नव्हती हे त्याच्या वृत्तांतातून निघत नाही. स्वदेशी तो परत गेलाच नाही, चीनमध्येच निवर्तला. त्याच्या वृत्तांताची आदिअंत हरवलेली गुंडाळी तुन्हुआंगच्या गुहेत पडून राहिली होती. १९०८ साली पॉल पेलियो या फ्रेंच पंडिताने ती ओळखली आणि ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

सिल्लानंतर ९१८ ते १३९२ पर्यंत कोर्यो राजवंश नांदला, ज्याच्या नावावरून परकीयांनी या देशास कोरिया म्हणावयास आरंभ केला. मंगोल स्वाऱ्यांच्या धामधुमीत याच राजवंशाने सबंध बौद्ध त्रिपिटक ८१,२५८ लाकडी ठशांवर कोरवून घेतले. शत्रू दाराशी असताना राज्याची संपत्ती धर्मग्रंथ कोरण्यात घालवावी हा निर्णय मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने कसाही ठरो. ते ठसे हेइन्सा मठात अद्याप सुरक्षित आहेत, आणि ते घोडेस्वार कुठे गेले ते कोणी विचारीत नाही. १३९२ मध्ये यी सोंग-ग्ये या सेनापतीने गादी बळकावून जोसन राजवंश स्थापिला. मालिकांतून आपण पाहतो त्या उंच काळ्या टोप्या, रुंद घेराचे हानबोक पोशाख, फरशीखालून धूर खेळवून उबदार केलेल्या खोल्या, पितरांच्या पूजेचे काटेकोर विधी आणि कन्फ्युशियसच्या वचनांवर हुज्जत घालणारे दरबारी, ही सर्व या पाचशे वर्षांच्या राजवटीची मिळकत होय.

माझ्या मते या राजवटीची सर्वांत मोठी कर्तबगारी तिच्या दप्तरात आहे. राजा दरबारात बसला की त्याच्या बाजूस बखरनवीस लेखणी घेऊन बसे, आणि राजाचा शब्द, मंत्र्यांचा विरोध, तक्रार, भूकंप, धूमकेतू, जे जे घडे ते ते टिपून ठेवी. राजाच्या मृत्यूनंतर या टिपणांवरून त्याच्या कारकिर्दीची साद्यंत हकीकत सिद्ध होई, आणि ती पाहण्याचा अधिकार गादीवर बसलेल्या नव्या राजालाही नसे. १४०४ साली राजा थेजोंग शिकारीत हरणाच्या मागे लागला असता घोड्यावरून पडला. लागले काही नाही. उठताच त्याने आजूबाजूस पाहून, हे बखरनविसाला कळू देऊ नका, असे सांगितले. बखरनविसाने पडण्याची हकीकत लिहिली, आणि तिच्याखाली राजाची ही आज्ञाही लिहिली. योनसान नावाच्या एका जुलमी राजाने १४९८ मध्ये ही मर्यादा मोडली आणि त्यापायी अनेक विद्वानांचे प्राण गेले. पण त्याचा तो जुलूमही दप्तरी नोंदला गेलाच. अंतिम प्रत सिद्ध झाली म्हणजे कच्ची टिपणे राजधानीबाहेरच्या ओढ्यात धुऊन टाकीत, म्हणजे शाई वाहून जाई, लिहिणाऱ्याला पुढे उपद्रव होत नसे आणि कागद पुन्हा कामी येई. १३९२ पासून ४७२ वर्षांच्या या हकीकतीचे १,८९३ खंड होतात.

आपल्या बखरी बहुधा धन्याच्या आज्ञेवरून, आणि घडून गेल्यावर पुष्कळ काळाने, लिहिल्या गेल्या. सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस लेखणी धरली. त्यांचे गद्य रसाळ आहे, त्यांत आवेश आहे, परंतु धनी घोड्यावरून पडल्याचे त्यांत सहसा आढळत नाही. अस्सल कागदांसाठी इतिहासकार राजवाड्यांना गावोगावचे माळे व पेटारे धुंडाळावे लागले, आणि पेशवे दप्तरातील रुमालांचा उपसा करून सरदेसायांना त्यांचे पंचेचाळीस खंड काढावे लागले, हे आठवले की जोसनच्या लेखकांविषयी थोडी असूया वाटते. अर्थात त्यांच्या दप्तरावरही प्रसंग आला होता. या हकीकतीच्या प्रती चार ठिकाणी ठेवीत. १५९२ साली जपानच्या हिदेयोशीने स्वारी केली तेव्हा त्यांतल्या तीन भस्मसात झाल्या, आणि उरलेली जोन्जू येथील प्रत आन उई व सोन होंग-रोक या दोघा स्थानिक विद्वानांनी नेजांगसान डोंगरातील गुहांत नेऊन, पहारे करून वाचवली. त्या युद्धात यी सुन-शिन या दर्यासारंगाने १५९७ मध्ये अवघ्या तेरा जहाजांनी शंभरांहून अधिक जपानी जहाजांना म्योंगन्यांगच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत, तेथील उलटसुलट प्रवाहांचा फायदा घेऊन परतविले. त्याचे पुतळे गावोगाव आहेत. त्या दोन विद्वानांची आठवण त्या मानाने थोड्यांनाच.

याच राजवंशातील चौथा राजा सेजोंग. त्याच्या काळी कोरियन लोक बोलत कोरियन आणि लिहीत चिनी अक्षरांत. ज्या भाषेत शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लागतात, तिला चिनी चित्राक्षरांचा अंगरखा बसणे शक्यच नव्हते. म्हणून शिकलेले मूठभर आणि बाकीचे निरक्षर, अशी स्थिती होती. सेजोंगने १४४३ मध्ये अठ्ठावीस अक्षरांची लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये तिचे फर्मान काढले. आज तीतील चोवीस वापरात आहेत आणि तिला ‘हंगुल’ म्हणतात. चिनी ध्वनिशास्त्राने भारतीय शिक्षाशास्त्रापासून, बौद्ध पंडितांच्या द्वारा, पुष्कळ उचलले होते, आणि ते सेजोंगच्या मंडळींना अवगत होते; त्यामुळे कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे आपल्या वर्णमालेतील वर्ग त्यांच्या मांडणीतही भेटतात. परंतु सेजोंगने एक पाऊल पुढे टाकले. आपल्या वर्णमालेचा क्रम शास्त्रशुद्ध आहे, अक्षरांची रूपे तशी नाहीत; ‘क’ आणि ‘ख’ यांचे नाते कानाला कळते, डोळ्याला मुळीच नाही. सेजोंगचा ‘क’ म्हणजे घशाकडे वळलेल्या जिभेची आकृती, ‘न’ म्हणजे वरच्या दातांमागे टेकलेली जीभ, ‘म’ म्हणजे मिटलेले तोंड. आणि ‘क’मध्ये आणखी एक रेघ ओढली की ‘ख’. स्वरांसाठी त्याने आकाशाचा ठिपका, पृथ्वीची आडवी रेघ आणि मनुष्याची उभी रेघ एवढ्यावर भागवले.

दरबारातील विद्वानांना हा उपद्व्याप पसंत पडला नाही. चे मान-री याने १४४४ मध्ये अर्ज करून विनविले की स्वतःची लिपी असणे हे मंगोल, तिबेटी अशा रानटी लोकांचे लक्षण आहे, आणि चीनच्या संस्कृतीशी एकरूप झालेल्या आपण ते का पत्करावे. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या चरित्रांवर वाढलेल्या आपल्याला हा सूर परिचित आहे. मात्र आपल्याकडे लोकभाषेचा पक्ष संतांनी घेतला व सत्तेने पुष्कळदा दुर्लक्ष केले. तिकडे राजाच लोकांच्या बाजूने उभा होता आणि पंडित आडवे पडले होते, आणि तरीही पंडितांचाच वरचष्मा साडेचारशे वर्षे राहिला. हंगुल ही बायकांची, भिक्षूंची, कादंबऱ्या व खाजगी पत्रे लिहिण्याची लिपी म्हणून मागल्या दाराने जगली, आणि १८९४ च्या सुधारणांनंतर प्रथम सरकारी कागदांवर चढली.

तिला प्रतिष्ठा मिळून सोळा वर्षे होतात न होतात तोच, १९१० साली, जपानने कोरिया खालसा केला. १९३० नंतरच्या दशकात शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत गेली, १९४० पासून माणसांना जपानी नावे घ्यावयास लावण्यात आली, आणि त्याच वर्षी कोरियन दैनिके बंद पडली. अशा काळात कोरियन भाषामंडळाचे सभासद शब्दकोश रचीत होते, गावोगावच्या लोकांकडून बोलींतले शब्द पत्रांनी मागवीत होते. १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांची धरपकड झाली. यी युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगात मरण पावले. कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून कोर्टात गेले आणि तेथून नाहीसे झाले. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानचा अंमल संपला, आणि पुढील महिन्यात ते हजारो पानांचे हस्तलिखित सोल रेल्वे स्थानकाच्या गुदामात, कोणी न सोडवलेल्या मालात, सापडले. त्यावरून सिद्ध झालेल्या कोशाचा पहिला खंड १९४७ मध्ये आणि सहावा व शेवटचा १९५७ मध्ये निघाला. आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ या काळात, पैशाची चणचण सोसत पण पोलिसांच्या भीतीवाचून, बाहेर पडत होते, हे तुलनेला घेतले म्हणजे तिकडील कोशकारांनी कशाशी गाठ घातली होती ते ध्यानात येते.

स्वातंत्र्य आले ते फाळणीसह. अडतिसाव्या अक्षांशावर रेघ ओढली गेली, १९४८ मध्ये दोन सरकारे झाली आणि २५ जून १९५० रोजी युद्ध पेटले. भारताने सैन्य पाठविले नाही, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली साठावे छत्रीधारी वैद्यकीय पथक पाठविले. २७ जुलै १९५३ रोजी युद्ध थांबले. तहकुबी झाली, तह मात्र आजतागायत झालेला नाही. आणि तहकुबीच्या वेळी सर्वांत बिकट प्रश्न होता युद्धकैद्यांचा, कारण हजारो चिनी व उत्तर कोरियन कैदी आपल्या देशी परत जावयास नाकबूल होते. त्यांना नेमके काय हवे आहे ते विचारून घेईपर्यंत त्यांना सांभाळण्याचे काम भारताच्या माथी आले. पाच तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या; आणि कैद्यांची राखण करणाऱ्या पाच-सहा हजार भारतीय जवानांचे सेनापती होते कोल्हापूर संस्थानातील वडगावचे शंकरराव पांडुरंग थोरात. हे दोघे १९४५ मध्ये आराकानच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये शेजारशेजारच्या पलटणींचे नायक होते.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारताची तटस्थता कम्युनिस्टांना धार्जिणी वाटत असे, म्हणून भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडता कामा नये असा त्यांनी हट्ट धरला. परिणामी इंचन बंदरात उतरलेल्या आपल्या जवानांना हेलिकॉप्टरांतून निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडावे लागले, आणि तेथे त्यांनी आपल्या छावणीला ‘हिंदनगर’ नाव दिले. दक्षिणेकडून सुमारे बावीस हजार सहाशे कैदी त्यांच्या ताब्यात आले, उत्तरेकडून तीनशे एकोणसाठ. कैद्यांच्या आवारांत त्यांच्या संघटनांचेच राज्य होते. परत जाऊ इच्छिणाऱ्याला त्याचे सोबतीच ठार मारीत. सप्टेंबरच्या अखेरीस एक चिनी कैदी कुंपण ओलांडून पळाला तेव्हा त्याला परत द्या म्हणून आवारातील कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यालाच ओलीस धरले. गोळीबाराचा हुकूम देणे कोणाही सेनापतीस सोपे होते. त्यात ग्रेवाल आधी मेले असते आणि मागोमाग शेकडो कैदी. थोरात मोजक्या अधिकाऱ्यांसह आवारात शिरले, संतापलेल्या जमावाशी बोलले, आणि आपल्या मेजरला घेऊन बाहेर आले. पुढे कोरियातील कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन, मिळाले.

जानेवारी १९५४ मध्ये हे काम आटोपले. अठ्ठ्याऐंशी कैद्यांना मात्र उत्तर, दक्षिण, चीन, तैवान यांतले काहीच नको होते; त्यांना तटस्थ देशात जायचे होते, आणि ते भारतीय सैन्याबरोबर फेब्रुवारीत मद्रासला उतरले. त्यांतले बहुतेक पुढे ब्राझील व अर्जेंटिनाला गेले, काही थोडे येथेच राहिले. चे इन-हुन या कोरियन लेखकाची ‘चौक’ ही १९६० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अशाच एका कैद्याची आहे, आणि तो ज्या जहाजात बसतो त्याचे नाव लेखकाने ‘टागोर’ ठेवले आहे. १९२९ मध्ये, जपानी अमलाखालच्या कोरियासाठी रवींद्रनाथांनी लिहिलेल्या चार ओळी तिकडे आजही ठाऊक आहेत. या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे, आणि थोरातांचे ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे आत्मचरित्रही इंग्रजीत आहे. मालिकांच्या वाटेने कोरियाकडे वळलेल्या ज्या वाचकांना पुढे काही वाचण्याची इच्छा असेल, त्यांनी ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत. आधी कादंबरी, मग आत्मचरित्र.